तळाशीलचें वाळवंट

वाळवंट म्हटलें म्हणजे मारवाड डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु पंढरीच्या वाटेनें जाणाऱ्या आपल्या लोकांस पाण्याकांठची वाळूच आधीं आठवते. त्या अर्थानें मालवण तालुक्यांतील तोंडवळी-तळाशीलचा किनारा हें खरें वाळवंटच होय. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास त्याला समांतर वाहत येणारी गड नदीची खाडी, आणि मध्यें वाळूची लांब, अरुंद पट्टी. तिच्या दक्षिण टोंकाशीं खाडी समुद्रास मिळते, पलीकडे सर्जेकोट.

गेल्या माघांत आचऱ्याच्या रामेश्वराचें दर्शन घेऊन आम्ही मंडळी जीपगाडीनें तिकडे निघालों. वाटाड्या म्हणून एक वृद्ध तांडेल बरोबर होते. सडक सोडून गाडी सुरूच्या बनांतून वाळूवर घालावी व लाटांच्या कडेनें टोंकापर्यंत पिटाळावी, असा आमच्यांतील तरुणांचा बेत होता. बन लागतांच तांडेलमामा म्हणाले, "गाडी हयच ठेवा. फुडे पायांनी चलाचा." मंडळी हिरमुसली. एकानें तर थोडें पुढें जाऊन वाळूंतील रुंद, दातेरी पट्टा दाखविला व विचारलें, "मग ही कोणाची गाडी गेली?"

मामा हसले. "ती गाडयेची नाय हो. राती कासवीण वर इली, तिची वाट ती."

ट्रॅक्टरच्या चाकासारखा तो माग पाण्यापासून वर आला होता व तसाच परत गेला होता. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण हिंवाळ्यांत रात्रीं किनाऱ्यावर येते, दीडएक फूट खोल खळगा करून त्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालते, वाळू सारखी करते आणि मागें न पाहतां निघून जाते. सुमारें 45 ते 60 दिवसांनीं पिलें निघतात व समुद्राच्या उजेडाकडे धांवतात. वरून चाक गेलें तर वाळू दाबली जाते. आणि चाकोरी पडली तर दोन इंच लांबीच्या पिलाला तो खंदकच. तेथें तें अडकलें, कीं कावळ्याकुत्र्यांस आयतेंच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या कासवांस अभय दिलें आहे खरें, पण रात्रीं त्या ओसाड वाळूवर कायदा वाचणार कोण? मामांसारखा माणूसच लागतो.

ज्या आचऱ्याहून आम्ही आलों, तेथें देवाचा कौल झाला म्हणजे सारा गांव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहावयास जातो. गांवपळण म्हणतात तिला. घरदार मोकळें सोडणाऱ्या या मुलखांत चार पावलें वाळू सोडणें कोणास जड वाटूं नये.

तरी प्रश्न इतका सोपा नाहीं. पावसाळ्यांत समुद्र ही पट्टी खात येतो. घरें वांचविण्यासाठीं लोकांनीं दगडी बंधारे मागितले. ज्याच्या उंबऱ्याशीं लाट येते त्यानें दुसरें काय करावें? पण दगडावर कासवीण चढत नाहीं. मामांचें स्वतःचें घर बंधाऱ्याच्या आंत आहे. तें सांगतांना त्यांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं.

उन्हें कलल्यावर आम्ही परतलों. भरती चढत होती. मुलें ओल्या वाळूवरून एकामागें एक चालत होतीं, आणि तो पट्टा आला तेव्हां, कोणीं न सांगतां, पाण्यांत उतरून पलीकडे गेलीं.