वाळीत टाकलेल्या माणसाचं म्हणणं

लोणी काळभोरला आमच्याकडे येणारा माणूस पहिल्या भेटीत खरं दुखणं सांगत नाही. मुलीचं लग्न जमेना, दुकानात गिऱ्हाईक फिरकेना, सख्खा भाऊ रस्त्यात भेटला तरी मान फिरवतो, अशा चार तक्रारी सांगून तो थांबतो. शेवटी सोबत आलेली बायको म्हणते, "ताईंना सांगा की सगळं." मग खाली बघत तो म्हणतो, "समाजानं आम्हाला बाहेर टाकलंय." एवढं तोंडातून निघायला काहींना महिना लागतो. आपल्याच माणसांनी टाकलं हे परक्याला सांगायची लाज, टाकल्याच्या दुःखाइतकीच मोठी असते.

नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांची आमची आघाडी आहे. तीत अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आहेत, भटक्या-विमुक्तांच्या संघटना आहेत, महिला मंडळं, वकील आणि कष्टकऱ्यांच्या युनियनमधली माणसं आहेत. एखादा प्रश्न कुठे, कोणापुढे आणि कोणत्या क्रमानं मांडायचा हे ठरवायची जबाबदारी माझ्याकडे आहे. पैरवी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोर्चा आणि निवेदन येतं. माझा बहुतेक वेळ जातो तो आधी पोलीस ठाण्यात जायचं की जिल्हाधिकाऱ्यांकडे, पत्रकारांना आज कळवायचं की फिर्याद नोंदल्यावर, आणि घरातलं कोण बोलणार, हे ठरवण्यात. बातमी आधी फुटली तर पंच सावध होतात, साक्षीदार फिरतात आणि त्या घरावरचा दाब दुप्पट होतो.

बहिष्काराची फिर्याद लिहिणं मारहाणीच्या फिर्यादीपेक्षा अवघड, कारण इथे सांगायच्या असतात त्या न घडलेल्या गोष्टी. लग्नाची पत्रिका आली नाही. हळदीला बोलावलं नाही. मयत झाली तर खांदा द्यायला कोणी आलं नाही. हे सगळं तारीख, वेळ, नाव आणि साक्षीदारासह कागदावर उतरवावं लागतं.

एकदा एका मावशींनी आमच्या टेबलावर पिशवी उपडी केली. आत उत्सवाच्या वर्गणीच्या पावत्या होत्या. पातळ गुलाबी-पिवळा कागद, कोपऱ्यात देवाचं चित्र, खाली खजिनदाराची गिचमिड सही. दर वर्षाची एक पावती त्यांनी जपून ठेवली होती. शेवटच्या वर्षाची मात्र नव्हती. "पोरं शेजारच्या दारात आली अन् माझ्या दारावरनं तशीच पुढं गेली. मी पैसे मुठीत धरून उंबऱ्यात उभी होते," मावशी म्हणाल्या. आमच्या वकिलांनी त्या पावत्या वर्षाच्या क्रमानं लावल्या, शेजारणीकडून त्या वर्षीची पावती मागून आणली आणि दोन्ही फिर्यादीला जोडल्या. आता गाळलेलं घर कोणालाही दिसत होतं. समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढल्याची ओळही अशीच उपयोगी पडते. तीत कोणी काढलं आणि कोणत्या दिवशी काढलं, दोन्ही दिसतं. फोन बदलायच्या आधी तिचा फोटो काढून ठेवा, हे आम्ही प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा विधिमंडळानं १३ एप्रिल २०१६ रोजी मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आरोपपत्र दाखल झाल्यावर सहा महिन्यांत खटला संपवावा, असंही त्यात आहे. गुन्हा दखलपात्र आहे. तरीही ठाण्यात गेल्यावर "तुमचं आपसातलं आहे, बसून मिटवा" असं ऐकायला मिळतं आणि एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, बोळवण होते. म्हणून आम्ही कधी रिकाम्या हातानं जात नाही. कायद्याची मराठी प्रत, तिसऱ्या कलमातल्या ज्या प्रकारांत ही घटना बसते त्यांवर पेन्सिलीची खूण, आणि ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०१३ मध्ये दिलेला, दखलपात्र गुन्हा नोंदवणं बंधनकारक असल्याचा निकाल, एवढं सोबत असतं. अंमलदाराशी हुज्जत घालू नये. कागद पुढे ठेवावा आणि बसून राहावं.

लोणी काळभोरच्या बाबतीत दरवाजेही बदलले आहेत. इथलं पोलीस ठाणं २०२१ पर्यंत पुणे ग्रामीणमध्ये होतं, आता ते पुणे शहर आयुक्तालयात आहे. महसुलासाठी गाव आजही हवेली तालुक्यातलं. त्यामुळे ठाण्यात दाद लागली नाही तर वरचा अर्ज शहरात जातो, आणि पंचांची बैठक रोखायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. सोलापूर रस्त्यावरचं हे गाव. तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली की इथे मुक्कामाला असते. इंधनाच्या डेपोमुळे टँकर, ट्रक, त्यांच्यावर पोट असलेली बाहेरगावची माणसं, उसाच्या पट्ट्यात येणारे मजूर, असा राबता कायम. बहिष्कृत कुटुंब इथे राहतं, पण निर्णय घेणारे पंच भलत्याच जिल्ह्यात असतात. हुकूम फोनवरून येतो. गुन्हा नेमका कुठे घडला, यावरच पहिला आठवडा जातो.

कायदा नवा असेना का, दुखणं जुनं आहे आणि ते कोण्या एका जातीचं नाही. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे, टिळक आणि इतर प्रतिष्ठितांवर जातीच्या बहिष्काराचं ग्रामण्य आलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि अखेर टिळक आणि रानडे दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून त्यांच्या मुरुड गावानं त्यांना वाळीत टाकलं. ज्यांच्या शब्दाला सगळ्या महाराष्ट्रात वजन होतं त्यांना जातीपुढे मान तुकवावी लागली, तिथे पालावरच्या एकट्या बाईकडून बंडाची अपेक्षा करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

बहिष्कार हा कायद्यानं गुन्हा ठरावा, ही मागणी बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी, तीही अगदी तपशिलात मांडली होती. गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या योजनेत त्यांनी बहिष्काराची व्याख्या दिली आणि बहिष्कार घालणं, त्याला चिथावणं, त्याची धमकी देणं हे तिन्ही वेगवेगळे गुन्हे मानावेत असं सांगितलं. त्यासाठी आधार घेतला तो ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. मागणी करताना सोबत मसुदा द्यायचा आणि तो दुसरीकडे चालल्याचा दाखलाही द्यायचा, हे मी त्यातून शिकले. आजही नव्या कार्यकर्त्यांना मी ती पानं वाचायला देते.

मुंबई प्रांतानं १९४९ मध्ये जातीबाहेर टाकण्याला बंदी करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं तो रद्द केला. ते एक मत सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हांचं होतं. माणूस बाहेर काढण्याचा धर्मगुरूचा अधिकार हा धर्माचा भाग मानायचा का, हा प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींनी नऊ जणांच्या पीठाकडे सोपवला. आमच्या वकिलांचं तिकडे बारीक लक्ष आहे, कारण त्या निकालाचा परिणाम आमच्या कायद्यावरही होणार.

१९६२ च्या त्या निकालानंतरची पन्नासहून अधिक वर्षं रिकामी गेली. २०१३ मध्ये नाशिकला आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीची बापानंच हत्या केली. त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचं पुढे आलं आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतीला मूठमाती देण्याचं अभियान सुरू केलं. त्याच वर्षी २० ऑगस्टच्या सकाळी समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. ज्या पुलावर तो झाला त्याला महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचं नाव आहे. कार्यकर्ते थांबले नाहीत, बाहेर टाकलेली माणसं नावानिशी पुढे येऊन बोलू लागली. वैदू समाजाच्या पंचांनी तर आपण होऊन पंचायत बरखास्त केल्याचं जाहीर केलं. माझ्या मते त्या मोहिमेचं खरं बळ तेच होतं. समाजाविरुद्ध जाहीर भाषण करणं सोपं. त्याच समाजातल्या शहाण्या माणसाला आपल्या बाजूनं उभं करायला वर्षं लागतात.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे अनेक तक्रारी चुकीच्या कलमाखाली वाया जातात. अस्पृश्यतेवरून बहिष्कार घातला तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. अनुसूचित जाती-जमातींवर बाहेरच्यांनी बहिष्कार टाकला तर अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं तो स्पष्टपणे गुन्हा ठरला. पण आपल्याच जातीचे पंच आपल्यालाच बाहेर टाकतात तेव्हा हे दोन्ही कायदे हात देत नाहीत. ती जागा २०१६ च्या कायद्यानं भरली. त्यातल्या व्याख्येत कोणत्याही जातीचं नाव नाही, आणि तेच योग्य. भटक्यांच्या संघटनांना भीती होती की कायदा पालांवर चालेल आणि कोकणातली गावकी मोकळी सुटेल. ती भीती रास्त होती. म्हणून आजही वृत्तपत्राला माहिती देताना आम्ही गावकीचं आणि जातपंचायतीचं प्रकरण शक्यतो सोबत ठेवतो.

आता ज्या गोष्टीवरून आमच्या बैठकीत आवाज चढतात तिच्याकडे येते. आघाडीला शिक्षा झालेली दिसायला हवी असते, म्हणजे इतर पंचांवर वचक बसतो. बहिष्कृत माणसाला मात्र बहुतेक वेळा परत जायचं असतं. मावशींना वकिलांनी विचारलं, "पंचांना तुरुंगात टाकायचं का?" त्या म्हणाल्या, "तुरुंगात नगं. पुढल्या साली माझ्या दारात येऊन वर्गणी मागू द्या. अन् दंड भरला तो परत द्या." काही मित्रांना हे मागासलेपण वाटलं. मला ती पूर्ण विचारांती केलेली मागणी वाटते. ज्यांच्यात नांदायचं, ज्यांच्या घरी लेकी द्यायच्या, त्यांच्याशी कायमचं वैर तिनं का घ्यावं? तिच्या दुःखावर निवाडा उभा करायचा असेल तर आधी तिची परवानगी हवी, आणि ती नाही म्हणाली तर आघाडीनं मागं सरावं, हे माझं मत मी बैठकीत सोडत नाही.

कायद्यानंही ही वाट ठेवली आहे. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर गुन्हा मिटवता येतो, आणि त्यात समाजसेवेची अट घालता येते. धोका याच ठिकाणी आहे. संमती दाबूनही घेतली जाते. म्हणून आम्ही बाईशी एकटीशी बोलतो, नवरा, दीर, सासरा कोणी जवळ नसताना. बोलणी पंचांच्या घरी होऊ देत नाही. दंडाचे पैसे परत द्यायचे तर न्यायालयात, सगळ्यांसमोर. ज्या तोंडांनी बाहेर टाकल्याचं चार लोकांत सांगितलं, त्याच तोंडांनी परत घेतल्याचं चार लोकांत सांगायचं.

काही बाबतींत मी तडजोडीला हात लावत नाही. २०१८ मध्ये कंजारभाट समाजातली तरुण मुलंमुली लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध उभी राहिली. पिंपरीत त्यांच्यातल्या काहींना मार खावा लागला. पुढच्या वर्षी अशी परीक्षा हा लैंगिक अत्याचार मानला जाईल, असं सरकारनं जाहीर केलं. अशा प्रकरणात एका घराशी समेट झाला तरी पुढच्या नवरीच्या अंगावर तीच चादर येते. तिथे संमती एकट्या कुटुंबाची पुरत नाही, म्हणून तिथे आम्ही खटलाच चालवतो आणि त्या कुटुंबाला राहायला घर, मुलांना शाळा, दुकानाला गिऱ्हाईक कुठून मिळेल याची तजवीज आधी करतो. आधीच्या तजविजीशिवाय कोणाला लढायला लावू नये.

सध्या काम चाललंय ते यात्रांच्या हंगामाचं. अहिल्यानगर जिल्ह्यात मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत भरते आणि तिथे भटक्यांच्या जातपंचायती बसत आल्या आहेत. बहिष्कारासाठी बोलावलेली बैठक रोखण्याचा अधिकार कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे, पण त्यांना आधी कळवलं तरच तो वापरता येतो. दिवाळी झाली की निवेदनाचा मसुदा आघाडीपुढे येईल. त्याला कोणती प्रकरणं जोडायची, कोणाचं नाव लिहायचं आणि कोणाचं झाकायचं, हे त्या त्या घरी जाऊन, उंबऱ्याच्या आत बसून, विचारून ठरेल.