बियाला राखलेलं

बियाला राखायचं फळ वेलीवरचं पहिलं नको आणि शेवटचंही नको. पहिल्या फळाच्या वेळी वेल अजून वाढीच्या नादात असते, शेवटच्या वेळी ती दमलेली असते. मधल्या बहरातलं, निरोगी वेलीवरचं, घरच्या वाणाचा रंग आणि आकार नेमका उचललेलं फळ हेरायचं आणि हेरल्या हेरल्या त्याला चिंधी बांधायची. माझ्या सासूबाई लुगड्याच्या काठाची चिंधी बांधायच्या. ती बांधली की ते फळ भाजीतून उठलं. घरी पाहुणे येवोत की बाजारात भाव चढो, त्याला कुणी विळी लावायची नाही.

हे पाळणं अवघड असतं, कारण मांडवाखाली गेलं की हात आपसूक सगळ्यात देखण्या दोडक्याकडेच जातो. बऱ्याच घरांत मग उलटंच होतं. चांगली चांगली फळं खाऊन होतात आणि पानाआड राहून जून झालेलं, वाकडंतिकडं, हंगाम सरताना लागलेलं एखादं ‘असू दे बियाला’ म्हणून सोडून देतात. असं काही वर्षं चाललं की वाण बिघडतो. लवकर लागणारी फळं पोटात जातात, उशिरा लागणाऱ्यांचं बी पेरलं जातं, आणि मग वेल मांडवभर पसरते पण गणपती येऊन गेले तरी फळ धरत नाही. लोक म्हणतात, गावठी बियाण्यात आता दम राहिला नाही. बियाण्याचा त्यात काही दोष नसतो. वर्षानुवर्षं निवडच उलटी झालेली असते.

मी दापोली तालुक्यात राहते. घरामागे दहा-बारा गुंठ्यांची वाडी आहे, तांबडी माती आणि भोवती जांभ्याचा गडगा. तिथे धरलेलं बी मी पाकिटं करून विकते. दोडका, घोसाळं, पडवळ, दुधी, चिबूड, तवसं, लांब धारांची पावसाळी भेंडी, तांबडा माठ, अबई, घेवडा. बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणे लागणारा परवाना काढलेला आहे. पाकिटावर वाण, उगवणीची टक्केवारी आणि तपासणीची तारीख असते. धंदा लहान आहे आणि लहानच ठेवायचा आहे. ज्या वेलीचं बी पाकिटात जातं, ती वेल मला ओळखीची असायला हवी.

वाडी लहान असल्याची अडचण एकच, पण ती मोठी आहे. मधमाश्या गडगा जुमानत नाहीत. वेलभाज्यांत नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात, पराग वाहणारे किडे लांबून येतात, म्हणून प्रमाणित बियाण्याच्या शेतीत दोन वाणांमध्ये अर्ध्या ते एक किलोमीटरचं अंतर राखतात. दहा गुंठ्यांत एवढं अंतर कुठून आणायचं? तेव्हा फुलांचं लग्न आपल्या हातानं लावायचं.

त्यासाठी आधी वेळा पाठ हव्यात. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, घोसाळ्याचं भल्या सकाळी. दोन्ही पिवळी, एकाच कुळातली, पण गाठभेट अशी क्वचितच. दुधी आणि पडवळाची पांढरी फुलं तिन्हीसांजेची. तांबड्या भोपळ्याचं फूल पहाटेचं, आणि उन्हं चढेपर्यंत ते मिटलेलंही असतं. श्रावण-भाद्रपदात माझा दिवस या वेळांना बांधलेला असतो. त्या दोन महिन्यांत मी सहसा कुठल्या लग्नकार्याला जात नाही.

दोडक्यासाठी दुपारी चारच्या सुमारास मांडवाखाली जायचं. त्या संध्याकाळी उमलणारी कळी ओळखू येते. टोकाचा हिरवटपणा जाऊन पिवळा रंग डोकावू लागलेला असतो. मादी कळीच्या मागे करंगळीएवढं, शिरा उमटलेलं बाळदोडकं असतं. नर कळ्या लांब दांड्यावर घोसानं येतात. दोन्हींची तोंडं सुती दोऱ्यानं हलकेच बांधायची, म्हणजे आपल्या आधी कुणी किडा आत शिरत नाही. उमलायची वेळ झाली की परत यायचं. नर फूल दुसऱ्या वेलीवरचं घ्यायचं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधली परागाची पिवळी गाठ मादी फुलातल्या तीन फाट्यांच्या कुक्षीवर अलगद फिरवायची. पराग चिकटला की तो भुकटीसारखा डोळ्यांना दिसतो. मग फूल पुन्हा बांधायचं, वर मलमलीची पिशवी, देठाला चिंधी. पाऊस असेल तर छत्री धरायला कुणीतरी लागतं, कारण पाणी लागलेला पराग फुटून फुकट जातो. तीन-चार दिवसांत बाळदोडकं तुकतुकीत होऊन लांबायला लागलं की समजायचं, धरलं. पिवळं पडून गळलं तर दुसरी कळी शोधायची.

दुधीच्या बाबतीत मी याहून कडक आहे. दुधीच्याच जातकुळीत कडू भोपळाही असतो, रानात, बांधावर आपोआप उगवणारा. कडू दुधीतली द्रव्यं पोटात गेली तर उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं समिती नेमली आणि कडू लागणारा रस पिऊ नये असं बजावलं. म्हणून बियाला धरायच्या प्रत्येक वेलीचं एक कोवळं फळ मी चाखून बघते. देठाकडचा पातळ काप, जिभेच्या टोकावर, आणि थुंकून टाकायचा.

पण चाखून फक्त आईची खात्री पटते. फळाचा गर आईच्या अंगाचा, बापाकडून जे आलं ते आतल्या बीत. कडू भोपळ्याचा पराग येऊन पडला असला तरी यंदाचं फळ गोडच लागेल. कडू निघेल ते पुढच्या वर्षी, आणि तेही माझ्या नव्हे, पाकीट नेणाऱ्याच्या घरी. त्या ताटाची जबाबदारी माझी आहे. ज्या दुधीचं फूल मी स्वतः बांधलेलं नाही, त्याचं बी मी विकत नाही, मग हंगामात दुधीची पाकिटं कमी पडली तरी चालतील.

बी धरणं हे निम्मं काम. कोकणात ते टिकवणं हे उरलेलं निम्मं, आणि माझ्या मते जास्त कष्टाचं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणून खायची पेर वेगळी आणि बियाची वेगळी. खायची भेंडी मृगावर. बियाची भेंडी आषाढ सरतासरता लावते, म्हणजे शेंगा वाळायला दसऱ्यानंतरचं ऊन मिळतं. मृगावरच्या शेंगा भर भाद्रपदात वाळू लागल्या की त्यांत बुरशी शिरते, कधी कधी बी शेंगेतच रुजून येतं. दोडका वेलीवरच वाळू द्यायचा. हलवला की खुळखुळतो, टोकाची टोपी काढून काळं बी सुपात ओतून घ्यायचं. चिबूड आणि तवशाचा गर बियांसकट पाण्यात ठेवायचा, बुळबुळीतपणा सुटला की चोळून धुवायचं, तरंगणारं बी फेकायचं, तळाशी बसलेलं ठेवायचं.

आणि तापल्या पत्र्यावर ओलं बी कधीही पसरू नये. आतला कोंब मरतो आणि वरून काही कळत नाही. सकाळचं कोवळं ऊन, मग सावलीतला वारा, असे काही दिवस. भोपळ्याचं बी बोटांत धरून वाकवायचं. दुमडलं तर अजून ओलं आहे, कटकन मोडलं तर बरणीत भरायला हरकत नाही. हॅरिंग्टन या अमेरिकन बीजशास्त्रज्ञाचा एक ठोकताळा आहे. बीतला ओलावा एक टक्क्यानं उतरवला तर तिचं आयुष्य दुप्पट होतं, साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं तर पुन्हा दुप्पट. हे वाचलं तेव्हा मला सासूबाईंचं स्वयंपाकघर आठवलं. चुलीच्या वर धुराच्या वाटेत टांगलेली दोडकी, चाळलेल्या राखेत घालून मडक्यात ठेवलेलं बी, घेवड्याच्या दाण्यांना फिरवलेला एरंडेलाचा हात. राख ओलावा ओढून घेते आणि किड्यांना ती सोसत नाही. मी आता काचेच्या बरण्या आणि सिलिका जेल वापरते, बी शीतकपाटात ठेवते, पण धडा तोच आहे.

पाकिटं भरण्याआधी शंभर बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवायच्या आणि किती रुजल्या ते मोजायचं. घटस्थापनेला परडीत माती घालून आपण धान्य पेरतो आणि दसऱ्यापर्यंत कोंब किती दाट आले ते पाहतो, तेव्हा घरोघरी हीच परीक्षा चाललेली असते, असं मला मनापासून वाटतं.

आता धंद्याबद्दल. प्रत्येक पाकिटात मी एक चिठ्ठी घालते. या वाणाचं बी घरी कसं धरायचं, कुठल्या वेळी फूल बांधायचं, कसं वाळवायचं, सगळं तीत लिहिलेलं असतं. जवळची माणसं काळजीनं विचारतात, “अगं, असं शिकवलंस तर गिऱ्हाईक परत कशाला येईल?” माझं उत्तर असतं की तो वाण पुन्हा विकत घ्यायला त्यानं येऊच नये. यायचंच तर दुसऱ्या भाजीसाठी यावं.

संकरित बियाण्याबद्दल माझ्या मनात राग नाही. बाजारासाठी पिकवणाऱ्याला एकाच वेळी तोडता येणारा, एकसारखा माल लागतो, तो संकरित वाणातून मिळतो. मात्र त्याच्या फळातलं बी पेरलं तर पुढची पिढी वेलीगणिक वेगळी निघते, म्हणून दरवर्षी नवं पाकीट घेणं आलं. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको काढली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पारितोषिक मिळालं, आणि त्यांचीही सुरुवात ‘पुसा सावनी’ या भेंडीपासून झाली, जिचं बी घरी धरता येतं. पण आमच्याकडची आठ-आठ धारांची, हातभर उंचीपासून शेंग धरणारी पावसाळी भेंडी कोण सांभाळणार? तिची मागणी चार तालुक्यांपुरती, तीही चार महिन्यांची. एवढ्यासाठी कुणी कारखाना चालवणार नाही. ती घरांतच राहिली पाहिजे. कायदाही त्याच बाजूचा आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव लावून विकणं तेवढं वर्ज्य.

चिठ्ठीची किंमत मला ३ जून २०२० ला कळली. निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरून गेलं. पेरणी तोंडावर आली होती, सगळं बी बरण्यांतून काढून सुपांत, पिशव्यांत मांडून ठेवलेलं होतं. कौलं उडाली, माळ्यावरचे पत्रे गेले आणि पाऊस थेट बियांवर पडला. वीज कितीतरी दिवस नव्हती, वाळवायला ऊन नव्हतं. दोन दिवसांत भेंडी फुगली, माठाचा लगदा झाला. जे ओल्या मातीत तडक पेरता आलं ते पेरलं, बाकीचं गेलं. लांब भेंडीचं एकही बी घरात उरलं नाही, शेजारीपाजारीही तीच दशा.

टपाल पुन्हा नीट सुरू झाल्यावर डोंबिवलीहून एक लिफाफा आला. माझ्याकडून भेंडी नेलेल्या एका बाईंनी गच्चीवर पिंपात दोन वर्षं तिचं बी धरलं होतं. लिफाफ्यात मूठभर बी आणि सोबत ओळ लिहिलेली, “ताई, तुमच्याच भेंडीचं आहे.” नंतर पेडण्याहून अबई आली, चिपळूणहून दोन जातींचे घेवडे आले. आज मी जी भेंडी विकते ती त्या गच्चीवरून परत आलेली आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्येच पद्मश्री जाहीर झाली होती. त्यांच्या बियाणे बँकेबद्दल मी वाचलं होतं, बी वाटलं की वाढतं हे वाचून पटलंही होतं. त्या लिफाफ्यानंतर मी चिठ्ठीचा मजकूर दुप्पट केला.

बी घराघरांत राहायचं तर ती भाजी घराघरांत खाल्ली जायला हवी, आणि इथे आपले सण मोठा हात देतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसात हातानं पिकवलेलंच खायचं. त्या एका दिवसाच्या भाजीसाठी अळू, दोडका, पडवळ, माठ, भेंडी, भोपळा, कणीस, चिबूड सगळं लागतं. मुंबई-ठाण्यातल्या माझ्या गिऱ्हाइकांपैकी निम्मी तरी या एका भाजीपायी बी नेतात. मे महिन्यात गावी आलेली माणसं परत जाताना पडवळाचं बी मागतात, तेव्हा मी मुद्दाम विचारते की गॅलरीत ऊन किती, मांडवाला जागा आहे का, आणि मधमाश्या दिसतात का. दिसत नसतील तर फूल बांधायचं तिथेच शिकवून पाठवते.

यंदा मी एका तवशाच्या मागावर आहे. हातभर लांब, पिकलं की साल तांबूस होऊन तिच्यावर जाळी उमटते, आणि धोंडसासाठी, म्हणजे तवशाच्या गोड केकसाठी, त्याच्यासारखं दुसरं नाही म्हणतात. मंडणगडाकडच्या एका वाडीत अजून लावतात असं कळलंय. गणपतीनंतर जाईन. मिळालं तर पहिल्या वर्षी चाखण्यापुरतं एक सोडून सगळी फळं बियाला ठेवीन, दुसऱ्या वर्षी ओळखीच्या दहा घरांत ते बी देईन, आणि त्या घरांत ते नीट उतरलं तर तिसऱ्या वर्षी त्याचं पाकीट छापीन.