टक्का कोण वाचणार?

प्रबंधाचा साम्यतपासणी अहवाल आला की विद्यार्थी पहिल्या पानावरचा टक्का बघतो, मार्गदर्शक तोच बघतात आणि आम्ही ग्रंथालयवालेही त्याच टक्क्यावर प्रमाणपत्र देऊन मोकळे होतो. मला खुपतं ते हेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, ४०पर्यंत सहा महिन्यांत सुधारित प्रबंध, ६०पर्यंत वर्षभर बंदी, त्यावर नोंदणीच रद्द. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, कायदे, प्रमाण समीकरणं आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य मोजू नये, असंही तिथेच म्हटलंय. यातलं काही सॉफ्टवेअरमध्ये खूण करून वगळता येतं; बाकीचं माणसालाच ओळखावं लागतं. विधी शाखेच्या प्रबंधात कलमाचा मजकूर जसाच्या तसाच यायला हवा, तिथला रंगीत पट्टा चोरीचा नव्हे. रसायनशास्त्रात प्रयोगाची कृती ठरावीक वाक्यांतच लिहितात; पण निष्कर्षाच्या प्रकरणात तेवढंच साम्य दिसलं तर कान टवकारायला हवेत. मराठीच्या प्रबंधाची गंमत उलटी. मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटात असेल तर सॉफ्टवेअरच्या हाती निरर्थक अक्षरं लागतात आणि साम्य जवळजवळ शून्य निघतं. फाँटची भानगड तपासणी चालवणाऱ्याला कळेल. ओवी कोणाची आणि तिच्यावरचं भाष्य कोणाचं, हे त्या विषयाच्या ग्रंथपालाला. दोघांनी एका टेबलाशी बसल्याशिवाय तो अहवाल वाचला गेला, असं मी मानत नाही.

ब्रिटिश विद्यापीठांत आधी विषय ग्रंथपाल होते. कॉपीराइट, संशोधन-विदा यांचे तज्ज्ञ नंतर आले, आणि मँचेस्टरने तर २०१२च्या सुमारास विषयवार रचना मोडून कामवार गट केले. आपल्याकडे मोडायलाही काही नाही. ग्रंथोपार्जन, तालिकीकरण, देवघेव, नियतकालिकं अशी कामवार विभागणी पहिल्यापासूनचीच, विषयाचा माणूस क्वचितच.

विषय मार्गदर्शकाला कळतोच की, असा आक्षेप येतो. कळतो, पण प्रबंध त्यांच्याच विद्यार्थ्याचा असतो आणि अहवालात काय वगळलंय, हे त्यांनी सहसा पाहिलेलं नसतं. पदं रिकामी आहेत, हा आक्षेप मात्र खरा. तरी निदान १० टक्क्यांच्या अल्याडपल्याडचे अहवाल दोघांनी पाहावेत. प्रत्येक शाखेसाठी एक सहायक ग्रंथपाल नेमून देणं पदभरतीशिवायही जमतं. तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो: माणूस मधे आला की वशिला येतो, आकडा सगळ्यांना सारखा. मुळात वगळण्याच्या खुणा कमी-जास्त केल्या की तोच आकडा बदलतो, त्यामुळे सारखेपणाचं कौतुक मला पटत नाही. पण वजनदार मार्गदर्शक समोर उभे असताना कनिष्ठ ग्रंथपालाला ‘सॉफ्टवेअरच असं म्हणतंय’ एवढाच आडोसा असतो, आणि तो काढून घ्या म्हणायला माझीही जीभ रेटत नाही. म्हणून वगळलेल्या प्रत्येक मजकुरापुढे कारण लिहावं आणि खाली दोघांच्या सह्या असाव्यात. एकट्याने नकार देण्यापेक्षा दोघांनी दिलेला बरा.