आंबोलीची वृक्षरुहा

अमरकोशांत वन्दा या वनस्पतीस वृक्षादनी आणि वृक्षरुहा अशीं आणखी नांवें दिलीं आहेत. वृक्षादनी म्हणजे झाडास खाणारी आणि वृक्षरुहा म्हणजे झाडावर उगवणारी. हे शब्द आम्हीं शाळेंत वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतले. परंतु दोहोंतील अंतर आम्हांस कळलें तें सेवानिवृत्तीनंतर, आंबोलीच्या रानांत, आणि तेंही एक रोप आमच्या हातून मेल्यावर.

आमच्या धाकट्या सुनेचें माहेर सावंतवाडीस. तेथील परसांतल्या आंब्याची एक फांदी वादळांत मोडली. तिजवर सीतेची वेणी होती. आमरीच्या कुळांतील हें रोप व्याह्यांनीं मुलीबरोबर आमच्या देशावरच्या घरीं पाठविलें. आम्हीं मोठ्या हौसेनें काळी माती व शेणखत घालून कुंडी भरली, मुळें खोल पुरलीं आणि सकाळसंध्याकाळ पाणी घातलें. दोन महिन्यांच्या आंत मुळें कुजलीं, पानें गळालीं. सुनेनें ती कुंडी मुकाट्यानें उचलून मागील अंगणांत नेऊन ठेवली. ती एक शब्दही बोलली नाहीं, हेंच आम्हांस अधिक लागलें.

पुढील ज्येष्ठाच्या आरंभीं व्याह्यांच्या आग्रहावरून सावंतवाडीस गेलों आणि एके दिवशीं घाट चढून आंबोली गांठली. समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंचीचें हें गांव, सह्याद्रींतील अतिवृष्टीच्या ठिकाणांपैकीं एक. हिरण्यकेशीच्या उगमाकडे जातांना वाटेंतील एका वृक्षावर सीतेच्या वेणीचे तुरे लोंबत होते. एकेक तुरा वीतभराहून लांब, पांढऱ्या फुलांवर जांभळे ठिपके. आसामांत याच फुलास कपौफूल म्हणतात आणि बिहूच्या सणांत स्त्रिया तें केसांत माळतात.

आमची दृष्टि मात्र फुलांवर ठरेना. ती मुळांकडे गेली. कांहीं मुळें सालीस चिकटलेलीं, कांहीं अधांतरीं लोंबणारीं, रंगानें राखाडी-पांढरीं. इतक्यांत एक सर येऊन गेली आणि तीं पांढरीं मुळें डोळ्यांदेखत हिरवीं झालीं! या मुळांवर मृत पेशींचें स्पंजासारखें वेष्टन असतें. तें पावसाचें पाणी टिपून घेतें. भिजलें कीं आंतील हरितद्रव्य दिसूं लागतें. सर ओसरल्यावर वारा तें पुन्हां सुकवितो. झाडाचा रस तें मुळींच शोषीत नाहीं. पाण्याबरोबर खोडावरून वाहून येणारी धूळ, कुजलेला पाला, पक्ष्यांची विष्ठा, एवढ्यावर त्याचा निर्वाह चालतो. तेव्हां ही वृक्षादनी नव्हे, वृक्षरुहाच!

आमच्या कुंडीची हकीकत ऐकून व्याह्यांचा वृद्ध गडी हंसला. "मास्तरानू, हेका माती कित्याक? हेका वारो व्हयो," तो म्हणाला. अमरकोशाने जें आम्हांस शिकविलें नाहीं, तें त्यानें एका वाक्यांत शिकविलें.

इंग्लंडांतील धनिकांनींही १९ व्या शतकांत हीच चूक केली होती. उष्ण देशांतील आमऱ्या त्यांनीं कोंदट, तापविलेल्या काचगृहांत ठेवल्या आणि असंख्य रोपें गमावलीं; वारा खेळूं दिला तेव्हां तीं जगूं लागलीं.

ज्या वाचकांस हौस असेल त्यांनीं मातीचें नांवच काढूं नये. भोकें पाडलेली कुंडी किंवा लांकडी पट्ट्यांची टोपली घ्यावी. तींत कोळशाचे व विटांचे सुपारीहून मोठे तुकडे आणि थोडें नारळाचें सोडण घालावें. सोडण कुजून दाटूं लागलें कीं बदलावें. कोंवळें ऊन मिळेल अशा जागीं टांगावें. मुळें पांढरीं दिसलीं म्हणजेच पाणी द्यावें, तेंही सकाळीं. वाढीच्या दिवसांत नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणांत असलेलें विद्राव्य खत एका लिटर पाण्यांत अर्धा ग्रॅम घेऊन आठवड्यांतून एकदां शिंपडावें. महिन्यांतून एकदां नुसत्या पाण्यानें सांचलेले क्षार धुऊन काढावे. थंडींत खत बंद ठेवावें.

रानांतील रोप मात्र कोणीं ओरबाडूं नये. आमरीचें बीज धुळीसारखें बारीक. त्यांत अन्नाचा सांठा नसतो. रानांत विशिष्ट बुरशीचें साहाय्य मिळाल्यावांचून तें रुजत नाहीं, हें फ्रान्सांत नोएल बर्नार्ड यानें १८९९ मध्यें ओळखलें. १९२२ मध्यें अमेरिकेंत लुईस नडसन यानें बुरशीवांचून, साखर मिसळलेल्या अगरावर बीज रुजवून दाखविलें. त्यामुळें आज रोपवाटिकांत बाटल्यांतून रोपें तयार होतात, तींच घ्यावीं.

आम्हींही तसेंच रोप आणून ओटीवर टांगलें. परवां सुनेनें हांक मारली, "मामंजी, हें पाहिलेंत का?" जुन्या मुळांतून हिरव्या टोंकाचें नवें मूळ फुटून वाऱ्यावर आलें होतें. झारी आमच्या हातीं होतीच. परंतु मुळें अजून ओलीं होतीं. आम्हीं ती खालीं ठेवली.