लखनौचे स्मृतिधन

लखनौच्या चारबाग स्थानकावर उतरलेल्या प्रवाशाने ‘बडा इमामबाडा’ एवढे दोनच शब्द उच्चारावेत. रिक्षावाला त्यास बिनचूक तेथे पोहोचवील. १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हातांस काम मिळावे म्हणून नबाब असफउद्दौलाने ही वास्तू उभारावयास घेतली. तिच्या भव्य मुख्य दालनात छताला आधार देणारा एकही खांब नाही. हे सारे आपण अवश्य पाहावे. परंतु वाचकहो, या शहरात पाहण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. येथील लोकांनी आपला इतिहास मोठ्या संकटानंतर जतन केला, ती ही गोष्ट.

हे संकट किती मोठे होते, याची साक्ष रेसिडेन्सीच्या भग्न भिंती आजही देतात. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले आणि नबाब वाजिद अली शाह कलकत्त्याजवळील मटियाबुर्ज येथे जाऊन राहिला. पुढच्याच वर्षी उठाव झाला. १८५८ मध्ये शहर पुन्हा हाती येताच, सैन्याला सहज हालचाल करता यावी म्हणून इंग्रजांनी दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले व त्यासाठी कित्येक मोहल्ले पाडले. घर पडले की त्यातील माणसे पांगतात आणि त्यांच्याबरोबर कागदपत्रे, रीतिरिवाज व आठवणीही पांगतात.

या पांगलेल्या आठवणी एकत्र करणाऱ्यांत अब्दुल हलीम शरर यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. त्यांच्या बालपणाची काही वर्षे मटियाबुर्जच्या त्या निर्वासित दरबाराच्या छायेत गेली होती. ‘दिलगुदाज’ या आपल्या उर्दू मासिकात १९१३ पासून त्यांनी जुन्या लखनौवर लेखमाला लिहिली. तीत नबाबांच्या वंशावळीबरोबरच खाद्यपदार्थ, पोशाख, पतंगबाजी आणि बोलण्याची अदब यांचीही नोंद आहे. राजाचा इतिहास सरकारी दप्तरात सापडतो; स्वयंपाकघराचा मात्र कोणी लिहिला तरच उरतो.

एकट्याच्या या उद्योगास संस्थेचे बळही मिळाले. पुण्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, हे मराठी वाचकांस ठाऊक आहेच. त्यानंतर सात वर्षांनी, १९१७ मध्ये, तेव्हाच्या संयुक्त प्रांतातही एक इतिहास मंडळ उभे राहिले व त्याचे नियतकालिक निघू लागले. मथुरा आणि लखनौ येथील संग्रहालयांचे अभिरक्षक असलेले विद्वान वासुदेवशरण अग्रवाल यांनी मथुरेच्या मूर्तींच्या तपशीलवार सूची त्यात प्रसिद्ध केल्या. मूर्ती कपाटात ठेवल्याने सुरक्षित राहते, परंतु सूची छापली की दूरच्या अभ्यासकालाही तिचा लाभ होतो. बनारसी बागेतील राज्य संग्रहालयाचा आरंभ १८६३ मधला. मथुरेच्या कंकाली टेकडीवर सापडलेली जैन शिल्पे तेथे पाहताना या निरलस सूचीकारांचे स्मरण ठेवावे.

आता कैसरबागेकडे वळू या, कारण तेथे आपल्याच मुलखातील एका पुरुषाची स्मृती आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव हिंडून घराण्यांच्या कंठात बंदिस्त असलेल्या चिजा मिळविल्या, स्वरलिपीत उतरविल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांतून सर्वांस खुल्या केल्या. १९२६ मध्ये त्यांच्या प्रेरणेने लखनौत मॅरिस संगीत महाविद्यालय निघाले. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून ते दीर्घकाळ सांभाळले. १९६६ पासून संस्थेला भातखंड्यांचे नाव आहे आणि आज ती विद्यापीठ झाली आहे. वाजिद अली शाहच्या परीखान्यात सामान्य घरांतील मुलेमुली आता त्या चिजा शिकतात.

ही परंपरा अगदी अलीकडेपर्यंत चालत आली आहे. लखनौच्या गल्लीबोळांचा इतिहास सोप्या हिंदीत सांगणारे योगेश प्रवीण यांस २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये ते निवर्तले.

लखनौहून परतताना चिकनचा कुर्ता तर आपण आणालच, पण त्याबरोबर एक संकल्पही आणावा. घरातील जुन्या छायाचित्रांमागे पेन्सिलीने नावे व साल लिहावे. मोडी कागदांचे रुमाल रद्दीत घालण्यापूर्वी जाणकारास दाखवावेत. आजीच्या ओव्या उतरवून घ्याव्यात आणि त्यांची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. या कामास पैसा फारसा लागत नाही. मात्र ते आजी असतानाच करावे लागते.