फांदीवरची जागा

मुंबईत कोणी ‘घर घेतलं’ असं फारसं म्हणत नाही. ‘जागा घेतली’ म्हणतात. आमच्याकडेही तेच वाक्य बोललं गेलं होतं : कांजूरला जागा घेतली. ब्रोमेलियाड नावाच्या वनस्पतींविषयी वाचलेलं, पाहिलेलं या वहीत टिपायला लागलो आणि हाच शब्द पुन्हा पुन्हा पेनाखाली येऊ लागला. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात यांच्या कितीतरी जाती उंच झाडांच्या फांद्यांवर राहतात. त्या झाडाचा रस पीत नाहीत, त्याच्या मुळांनी ओढलेलं पाणी चोरत नाहीत. फक्त जागा घेतात.

*

दवाखान्यात नंबर यायची वाट बघत होतो. कोपऱ्यातल्या कुंडीत गुझ्मानिया हा ब्रोमेलियाड, मधोमध लालभडक तुरा. शेजारच्या मावशींनी पान चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगंबाई, खरं आहे की हे!” तुरा महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून प्लॅस्टिकचा वाटतो. मुळात तो फुलांचा नसतोच. बोगनवेलीसारखी ती रंगलेली पानं. खरी फुलं लहानशी, त्या पानांच्या बगलेतून डोकावतात आणि लवकर संपतात.

*

ब्रोमेलियाडच्या कुळात साडेतीन हजारांहून जास्त जाती. व्हर्जिनियापासून चिली-अर्जेंटिनापर्यंत त्यांचा मुलूख. अमेरिकेबाहेर निसर्गात वाढणारी जात एकच, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीच्या खडकांवरची. आपल्याकडे मूळची एकही नाही.

तरी एक ब्रोमेलियाड प्रत्येक मराठी घराच्या ओळखीचा आहे. अननस.

*

स्टेशनबाहेर अननसवाली ताई बसते. साल उतरवून झाली की ती डोळे एकेक टोचून काढत नाही. वरून खाली वळत जाणाऱ्या तिरक्या खाचा घेते, आणि फळ मळसूत्रासारखं होऊन तिच्या हातात फिरतं. डोळे तिरक्या ओळींतच बसलेले असतात, म्हणून हे जमतं. प्रत्येक डोळा हे एकेकाळचं एक निळंजांभळं फूल. शे-दीडशे फुलं दाटीवाटीने वाढून एकमेकांत मिसळली की एक अननस होतो.

घरी आणून ओळी मोजल्या. एका दिशेने 8, दुसऱ्या दिशेने 13. आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या, अशा मालिकेतले हे आकडे. युरोपात फिबोनाचीने ती 1202 मध्ये मांडली. त्याआधी, बाराव्या शतकातच, आपल्याकडे हेमचंद्राचार्यांनी लघु-गुरू अक्षरांच्या रचना मोजताना ती सांगितली होती. छंदातलं गणित आणि फळातलं गणित एकच निघावं, याचा आनंद दिवसभर पुरला.

ताई शेंडे गोणीत टाकते. पुढच्या वेळी एक मागून घ्यायचा.

*

कोलंबसाच्या माणसांनी अननस पहिल्यांदा चाखला 1493 च्या नोव्हेंबरात, ग्वादलूप बेटावर. पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो ब्राझीलकडून आपल्या किनाऱ्याला लागला. स्पॅनिश लोकांना तो पाइनच्या बोंडासारखा दिसला म्हणून त्यांनी त्याला ‘पिन्या’ केलं; इंग्रजांनीही पाइनचंच नाव दिलं. ‘अननस’ हा शब्द मात्र ब्राझीलच्या तुपी लोकांच्या बोलीतून आला. ज्यांनी हे फळ जोपासलं त्यांनी दिलेलं नाव मराठीने थोड्या फरकाने जपलं आहे. ताईच्या आरोळीत रोज एक तुपी शब्द कांजूरच्या पुलाखाली घुमतो.

*

अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अननसाला दिलेलं दुसरं नाव : कटहल-ए-सफरी. सफरीवरचा फणस. रोप भांड्यात लावून प्रवासात सोबत नेता येतं आणि वाटेत फळही धरतं, म्हणून. फणसाशी सांगड घालण्यात त्याची नजर अचूक होती. फणसही असंख्य फुलांचं मिळून झालेलं फळ. जहांगीर लिहितो की हे फळ फिरंग्यांच्या बंदरांत होतं आणि आग्र्याच्या गुलअफशाँ बागेत दरवर्षी हजारोंनी पिकतं.

आमच्या पश्चिमेचा लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. आज तो ओलांडताना सफरीवरच्या फणसाची आठवण झाली.

*

पवईकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्जन्यवृक्षाखाली थांबलो. हाही अमेरिकेचाच. त्याच्या मूळ देशात जुन्या पर्जन्यवृक्षाच्या आडव्या फांद्या ब्रोमेलियाडनी लगडलेल्या असतात. खालून बघितलं तर झाडावर दुसरी बाग. इथे आला तेव्हा बी आलं, शेजार आला नाही. दीडशे वर्षांत त्याने मुंबईला सावली दिली, पण त्याच्या फांद्या त्याच्या जुन्या सोबत्यांशिवायच वाढल्या.

तसाच देवचाफा. तोही तिकडचा. ब्रोमेलिया हे नाव देणारा फ्रेंच भिक्षू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्युमिए, त्याचंच नाव चाफ्याच्या ‘प्लुमेरिया’त आहे. चाफा आता देवळाच्या दारात उभा आहे आणि त्याला कोणी परका म्हणत नाही.

*

मराठीत ‘बांडगूळ’ ही शिवी आहे. झाडावर वाढणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ती देणं अन्यायाचं आहे. आंब्यावरचं खरं बांडगूळ फांदीत मूळ खुपसून झाडाचं पाणी आणि क्षार ओढतं. त्याची चिकट बी इवल्याशा फुलटोच्या पक्ष्यामुळे फांदीला चिकटते. ब्रोमेलियाडची मुळं मात्र बहुतेक पकडीपुरती. पाणी आणि अन्न तो पानांनी घेतो. पानांवर सूक्ष्म खवले असतात. पावसाचं, धुक्याचं, दवाचं पाणी ते टिपून आत सोडतात.

आधार घेणं वेगळं आणि शोषणं वेगळं. या शहरात हा फरक रोज लक्षात ठेवायला हवा, कारण इथे जवळजवळ प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या फांदीला धरून राहिला आहे.

*

आज सर्वांत जास्त वेळ ब्रोमेलियाडच्या पोटातल्या पाण्यात गेला.

अनेक जातींची पानं बुडाशी एकमेकांना घट्ट बिलगतात आणि मध्ये वाटी तयार होते. मोठ्या रोपात काही लिटर पाणी मावतं. वरून पाचोळा पडतो, कुजतो, पाण्यात खत होतं. तेच रोपाचं जेवण. त्या वाटीत अळ्या, गोगलगायी, कोळी, चतुरांच्या लहान नातलगांची पिल्लं, बेडूक. जमिनीपासून तीस मीटर उंचीवर एक तळं.

मध्य अमेरिकेतली एक लाल बेडकी आपले बेडूकमासे पाठीवर घेऊन झाड चढते. प्रत्येकाला वेगवेगळ्या वाटीत सोडते. मग दर काही दिवसांनी परत येऊन त्या पाण्यात न फळलेलं अंडं घालते. पिल्लाचं तेच अन्न. कोणत्या वाटीत कोण, हे तिच्या ध्यानात असतं.

जमेकात तर खेकडा. मादी पिल्लांना पानांच्या बगलेतल्या पाण्यात वाढवते. पाण्यातला पाचोळा उपसून काढते आणि गोगलगायींचे शंख आणून टाकते, म्हणजे पाण्याचा आंबटपणा कमी होतो आणि पिल्लांच्या कवचाला चुना मिळतो.

फांदीवर जागा घेतलेल्याने स्वतः केवढी जागा दिली!

*

याच पाण्याची दुसरी बाजूही लिहायला हवी. त्रिनिदादमध्ये कोकोच्या मळ्यांना सावली म्हणून पांगाऱ्याच्या कुळातली मोठी झाडं लावली होती. त्यांच्या फांद्यांवर ब्रोमेलियाड माजले, त्यांच्या वाट्यांत अ‍ॅनॉफिलिस बेलाटर हा डास वाढला आणि मळ्यांत हिवताप पसरला. 1940 च्या दशकात तिथे कॉलिन पिटेंड्रिघ हा तरुण संशोधक झाडावर कोणत्या उंचीवर, दिवसाच्या कोणत्या वेळी डास चावतात हे नोंदत होता. पांगाऱ्यांवर मोरचुदाचं पाणी फवारून ब्रोमेलियाड मारावे लागले. डासांच्या वेळापत्रकाने पिटेंड्रिघला असं पछाडलं की पुढे सजीवांच्या शरीरातल्या घड्याळाच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत तो गणला गेला.

*

जुलै. महापालिकेची माणसं घराघरांतून डेंग्यूच्या अळ्या बघत फिरत आहेत : पिंप, कूलर, कुंडीखालच्या थाळ्या, मनीप्लांटची बाटली. आमच्या गॅलरीत आले तेव्हा मीच त्यांना निओरेगेलिया या ब्रोमेलियाडची वाटी दाखवली. त्यातल्या दादांनी टॉर्च मारून नीट पाहिलं. अळी नव्हती. “आठवड्याला ओतून टाकत जा काका, विसरू नका,” म्हणाले.

तेव्हापासून शनिवार ठरलेला. कुंडी मोरीत न्यायची, आडवी करायची, वाटी धुऊन ताजं पाणी भरायचं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून शनिवार चुकवायचा नाही. जंगलातल्या वाटीत अळ्या खाणारे असतात. पाण्याला राखणदार असतो. रोप गॅलरीत आणलं तेव्हा ती राखण माझ्याकडे आली.

*

अननस दिवसा श्वास धरून बसतो. उन्हात पानांची रंध्रं उघडली तर पाणी जाईल, म्हणून ती रात्री उघडतो, कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा उजेडात वापरतो. या रीतीचा एक जुना सुगावा आपल्याच देशात लागला. बेंजामिन हेन हे कंपनी सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी पानफुटीचं पान पहाटे चावलं तर आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडवट लागलं. 1813 मध्ये त्यांनी तसं लंडनला लिहून कळवलं.

आमच्या सोसायटीच्या भिंतीशी पानफुटी आहे. उद्या पहाटे फिरायला जाताना एक पान चावून बघेन.

(नंतरची नोंद : पहाटे खरोखरच आंबट. कैरीची आठवण झाली.)

*

नर्सरीत ‘शिवजटा’ टांगलेली. राखाडी केसांच्या बटा, मूळ नाही, माती नाही. ही टिलँड्सिया, अननसाचीच बहीण. हिची एक भावंडजात लॅटिन अमेरिकेच्या गावांतून विजेच्या तारांवर चेंडूसारखी वाढते. तार पाणी देत नाही, अन्न देत नाही. एवढ्यावरून कळावं की फांदीकडूनही तिला काही नको होतं. पेरूच्या किनारी वाळवंटात याच गोत्रातल्या काही जाती वाळूवर नुसत्या पडून असतात आणि समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर जगतात.

भस्म, जटा, निःसंग राहणं. नर्सरीवाल्यांनी नाव नेमकं दिलं.

*

ब्रोमेलियाडचं काम आपल्या जंगलात कोण करतं? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यात मान वर केली की उत्तर मिळतं : बाशिंग. या नेच्याची पानं दोन प्रकारची. हिरवी, लांब, पावसाळी; आणि बुंध्याला चिकटलेली तपकिरी, ओंजळीसारखी. ओंजळीत पाचोळा साठतो, त्याचं खत होतं, नेचा जगतो. उन्हाळ्यात हिरवी पानं झडतात, ओंजळ तशीच राहते. जवळच कुठे पावसाच्या तोंडावर सीतेची वेणी नावाचं ऑर्किड लोंबत असतं.

बाशिंग आणि वेणी. ज्याने नाव दिलं त्याला झाडावर बसलेलं हे बिऱ्हाड ओझं वाटलं नाही, लग्नाचा साज वाटला. झाड नवरदेव, झाड सीता. ब्रोमेलियाडसाठी मराठीत नाव शोधायचं झालं तर याच घरातून शोधावं.

*

प्रतीकं. थंड इंग्लंडात काचघरं तापवून अननस पिकवत, म्हणून तो श्रीमंतीचा झाला, मग पाहुणचाराचा. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या दोन मनोऱ्यांच्या टोकांवर सोनेरी अननस आहेत. आपल्याकडे तो इतका उंच चढला नाही. तो पूजेच्या शिऱ्यात मिसळला, गोव्यात मोहरी-खोबऱ्याच्या सासवात गेला. कळसावर जाण्यापेक्षा पानात वाढलं जाणं मला अधिक आपलं वाटतं.

*

पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांवर याच कुळातली पुया रायमोंडी : कित्येक दशकं वाढते, एकदाच फुलते, दहा मीटरांपर्यंत उंच होते आणि मरते. कारवी सात वर्षं वाढून आठव्या वर्षी फुलते. केळीचा घड एकदाच. गुझ्मानियाचंही तेच. मात्र केळीसारखे तिला बुडातून मुनवे फुटतात. माळीकाका म्हणाले, “आई वाळायला लागली तरी घाईने उपटू नका. शेवटपर्यंत ती पिल्लांना पाजते.”

*

घरची गुझ्मानिया गेली. दोन मुनवे वेगळे केले. एक ठेवला, एक खालच्या मजल्यावर दिला. इथल्या कुठल्या झाडावर बांधायचा मोह झाला होता. बांधला नाही. त्या फांद्या बाशिंगाच्या आहेत.

अननसवाल्या ताईकडून आज शेंडा आणला. खालची पानं सोलली, दोन दिवस सुकायला ठेवतो, मग लावतो. फळ धरायला दीड-दोन वर्षं लागतील. “कुंडीत होतो का हो?” तिने विचारलं, आणि लगेच, मुंबईत विचारतात तसं, “घरात जागा आहे का?”

गॅलरीत गुझ्मानियाची कुंडी रिकामी होती.

“झाली जागा,” म्हटलं.