डाव्या हाताची पाटी

परवा नातवाने विचारलं, "आजी, वाढदिवसाला काय हवं?" मी म्हटलं, "ती चित्रं काढायची पाटी." तो हसला. त्याच्या भाषेत तो ग्राफिक्स टॅबलेट. पण मंडळी, पेन्सिलीने काळ्या चौकोनावर रेघा मारायच्या आणि चुकलं की पुसायचं, याला पाटी नाही तर काय म्हणायचं? चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा पाटीपूजन!

यात एक गोम होती. मी डावखुरी. म्हणजे जन्माने डावखुरी, लिहिते उजव्या हाताने. लहानपणी पाटीवर डाव्या हाताने लिहायचे, तेव्हा पुढे सरकणारा हात मागची अक्षरं पुसत जायचा. शिरोरेषा तर मी उजवीकडून डावीकडे ओढायचे, कारण डाव्या हाताला तेच सोपं जातं. बाईंनी फुटपट्टीने सरळ केलं आणि घरी आईने. "उद्या सासरी पंक्तीत डाव्या हाताने वाढलंस तर काय म्हणतील?" पुढचं सगळं शिक्षण, अगदी बी.ए.चे पेपरसुद्धा, उजव्या हाताने झालं. चित्र आणि रांगोळी मात्र डावीच राहिली. शाळेतले चित्रकलेचे सर म्हणायचे, "चित्राला कुठे शिरोरेषा असते? काढ कुठल्याही हाताने." त्यांच्यामुळे इंटरमिजिएटची परीक्षा मी डाव्या हाताने दिली.

तर सांगायचा मुद्दा, टॅबलेटची खरेदी.

नातू आधी स्क्रीनवाला टॅबलेट म्हणत होता. त्यात जिथे पेन टेकतं तिथेच चित्र उमटतं. साध्या टॅबलेटवर हात टेबलावर आणि नजर समोरच्या पडद्यावर, हे जमायला काही दिवस जातात. तरी मी साधाच निवडला. एक तर स्क्रीनवाला कितीतरी महाग. दुसरं, त्यावर मान खाली घालून बसावं लागतं, आणि माझी मान आता तेवढी आज्ञाधारक राहिलेली नाही. तिसरं कारण डावखुऱ्यांचं. बऱ्याच चित्राच्या प्रोग्रॅममध्ये ब्रश-रबराची पेटी पडद्याच्या डाव्या कडेला असते. स्क्रीनवर डावा हात टेकला की तीच झाकली जाते. साध्या टॅबलेटवर हात पडद्याच्या आड येतच नाही. मी क्रिटा वापरते, तो फुकट मिळतो आणि त्यातली पेटी उचलून उजवीकडे ठेवता येते.

मग बटणांचा प्रश्न. बऱ्याच टॅबलेटवर शॉर्टकटची बटणं डाव्या अंगाला असतात, कारण उजवा हात चित्र काढतो आणि डावा बटणं दाबतो असं गृहीत धरलेलं असतं. आमची गत उलटी. कीबोर्डही तसाच. चुकलेली रेघ मागे घ्यायला कंट्रोल आणि झेड दाबायचं, आणि दोन्ही कळा डाव्या टोकाला, म्हणजे नेमक्या पेन धरलेल्या हाताखाली! यावर उपाय असा, की टॅबलेट उलटा फिरवायचा. बटणं उजव्या अंगाला येतात, आणि सेटिंगमध्ये तसं सांगितलं की चित्र उलटं उमटत नाही. मात्र टॅबलेट फिरला की त्याची वायरही फिरते. ती कुठून बाहेर येते आणि हाताखाली येणार नाही ना, हे घेण्याआधीच बघून ठेवावं. वॅकॉमच्या साध्या इन्टुऑसवर बटणं वरच्या कडेला आहेत, ना डावं ना उजवं. तो मला आवडला होता. पण वर हात नेताना माझा उजवा खांदा कुरकुरतो, म्हणून बाजूला बटणं असलेला दुसरा घेतला.

आकाराचं म्हणाल तर इन्टुऑसच्या लहान टॅबलेटची चित्र काढायची जागा साधारण सहा बाय पावणेचार इंच, मधल्याची साडेआठ बाय सव्वापाच. लहानावर मनगट फिरतं, मोठ्यावर कोपरापासून हात फिरतो. मला रांगोळीची सवय, म्हणून मी मधला आकार घेतला. पेनच्या दाबाच्या पायऱ्या ४०९६ की ८१९२, यावर दुकानदार बराच वेळ बोलला. माझ्या हाताला तो फरक कळत नाही, तुमच्याही कळणार नाही. पेनला चार्जिंग लागत नाही ना, एवढं मात्र बघा. शिवाय इथे शाई नाही, त्यामुळे डाव्या तळव्याला काळं लागत नाही आणि मागची रेघ पुसली जात नाही. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी अशी पाटी असती तर!

घरी आल्यावर नातवाने सगळं जोडून दिलं. सेटिंग उघडलं तर समोर दोन पर्याय, उजवा हात आणि डावा हात. खूण आधीपासूनच उजव्यावर होती. "आजी, तुझा कुठला?" त्याने सहज विचारलं आणि मी गप्प झाले. हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलाच नव्हता.

आणि मीही कोणाला विचारला नव्हता.

१९८४ साली माझ्या पाचवीच्या वर्गात एक डावखुरा मुलगा होता. अक्षर गिचमिड, पण वहीच्या समासात बैल काढायचा. नांगराचे, गाडीचे, बसलेले, शिंगं रोखलेले. मी त्याला डावा हात पाठीमागे ठेवून लिहायला लावलं. मारलं नाही, पण रोज टोकलं. माझ्या मते त्याच्या भल्यासाठीच. पेपर तपासणारा अक्षर बघतो, हे मला ठाऊक होतं. शिवाय माझ्यावर तेच झालं होतं आणि माझं काही बिघडलं नव्हतं, असं मी धरून चालले होते. दिवाळीपर्यंत त्याचं अक्षर वाचता येऊ लागलं. समास मात्र कोरे झाले. मी त्याच्या वडिलांना सांगितलं, "आता अभ्यासात लक्ष आहे हो त्याचं."

मला माझे चित्रकलेचे सर भेटले होते. त्याला मी भेटले.

आपल्या भाषेत एखाद्याला बाजूला सारलं तर 'डावललं' म्हणतात. मी वर्षानुवर्षं व्याकरण शिकवलं, पण त्या शब्दात लपलेला हात मला तेव्हा दिसला नाही. लिओनार्दो दा विंचीही डावखुरा होता. त्याच्या रेखाटनांत छायेच्या रेघा डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरतात, आणि जाणकार त्यावरूनही त्याचा हात ओळखतात. हात बदलला तर माणसाची ओळखही पुसते, हे मला आता कळतंय.

तो मुलगा आज पन्नाशीचा असेल. कुठे आहे, ठाऊक नाही. भेटला तर माफी मागेन, पण नुसत्या माफीने समास भरत नाहीत.

असो. तुमच्या घरात एखादं पोर डाव्या हाताने पेन्सिल धरत असेल, तर त्याला धरू द्या. कात्री, टॅबलेट, काहीही घेताना आधी त्याला हात विचारा.

मी डाव्यावर खूण केली, टॅबलेट फिरवला आणि पहिलं चित्र काढलं. बैलाचं. शिंगं काही नीट जमली नाहीत. त्याला छान जमायची.